मेंदूवरची अर्धचंद्राकृती खाच ही आदिमपणाची खूण नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मानवाच्या उत्क्रांतीविषयी आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. मेंदूच्या रचनेसारख्या विषयाला मराठी दैनिकाने अर्धे पान द्यावे, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते, कारण पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि हा विषय शवविच्छेदनाच्या दालनाबाहेर क्वचितच येतो, हे मी जाणतो. परंतु त्या लेखातील दोन विधानांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. माकडांच्या मेंदूच्या मागच्या भागात असणारी अर्धचंद्राकृती खाच माणसात मागे सरकली, कारण माणसाच्या आयुष्यात दृष्टी दुय्यम झाली, असे एक विधान आहे. दुसरे असे की काही माणसांच्या मेंदूवर ही खाच अजूनही ठळक दिसते आणि तो त्यांच्यात उरलेला माकडाचा अवशेष होय. पहिले विधान अर्धवट आहे. दुसरे चुकीचे आहे, आणि त्याला जो इतिहास आहे तो पाहता ते दुरुस्त न करता सोडून देणे योग्य होणार नाही.

ही खाच कोठे असते ते आधी सांगतो. डोक्याच्या मागे हाताला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या आत मेंदूचा ऑक्सिपिटल खंड असतो. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर पर्यटकांच्या हातातील कणसे पळवणारे लाल तोंडाचे माकड घ्या किंवा घाटातील काळ्या तोंडाचे वानर घ्या, त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या बाजूवर या खंडाच्या पुढच्या सीमेजवळ वरून खाली उतरणारी एक खोल, बाकदार खाच असते. तिलाच लुनेट सल्कस म्हणतात. तिच्या मागचा काठ पुढच्या भागावर झाकणासारखा आलेला असतो. तो बोटाने अलगद मागे ओढला की आत लपलेल्या लहान घड्या दिसतात. झाकणाच्या मागचा पृष्ठभाग मात्र जवळजवळ गुळगुळीत असतो, आणि माकडाच्या नजरेचा मध्यबिंदू, म्हणजे ज्या ठिकाणी सर्वांत बारीक दिसते तो भाग, याच गुळगुळीत पृष्ठभागावर उमटलेला असतो. चिंपांझी, गोरिला आणि ओरँगउटान या मोठ्या, बिनशेपटीच्या वानरांतही (पुढे ‘वानर’ म्हणजे हेच) ही खाच असते, तथापि तिची नेमकी जागा प्रत्येक प्राण्यात थोडी वेगळी असते. मार्मोसेटसारख्या इवल्या माकडांचा मेंदू जवळजवळ सपाट असल्याने त्यांच्यात ती जवळपास नसतेच. दृष्टीचे प्राथमिक क्षेत्र, म्हणजे डोळ्यांकडून आलेले दृश्य मेंदूच्या पृष्ठभागावर जिथे प्रथम पोहोचते ती जागा, मात्र त्यांच्यातही उत्तम विकसित झालेले असते. खाच आणि दृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढ्यावरूनही लक्षात यावे.

लेखातील गोंधळ इथूनच सुरू होतो. दृष्टीचे प्राथमिक क्षेत्र कोठे संपते, हे ठरवण्याचे काम खाच करीत नाही. ते काम करणारी एक रेघ आहे आणि ती नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेला मानवी मेंदू मधोमध चिरून त्याचे दोन गोलार्ध वेगळे करावेत. आतल्या सपाट बाजूवर, अगदी मागच्या टोकाकडून पुढे जाणारी एक खोल खाच दिसते, ती कॅल्करिन सल्कस. त्या खाचेला आडवा छेद देऊन कापलेला पृष्ठभाग पाण्याने धुवावा आणि खिडकीच्या उजेडात तिरपा धरावा. वरचा करडा थर जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्या करड्या थराच्या मधून, पृष्ठभागाला समांतर अशी, पांढरी बारीक रेघ खाचेच्या दोन्ही भिंतींवरून तळापर्यंत उतरून पुन्हा वर चढताना दिसते. फ्रान्सेस्को जेन्नारी हा इटलीतील पार्मा येथे वैद्यक शिकत असताना १७७६ साली त्याने गोठवलेल्या मेंदूत ही रेघ प्रथम पाहिली आणि १७८२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ती करड्या थरातून आडव्या जाणाऱ्या, पांढरे आवरण असलेल्या मज्जातंतूंचा पट्टा आहे. आश्चर्याची गोष्ट अशी की ती हळूहळू विरत जात नाही, एका जागी एकदम तुटते. जिथे तुटते तिथे दृष्टीचे प्राथमिक क्षेत्र संपले आणि पुढचे क्षेत्र सुरू झाले. जवळपास खाच असो वा नसो, ही सीमा खरी. कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना हा छेद स्वतःच्या हाताने घ्यायला लावला आहे, कारण पुस्तकातील रंगीत नकाशा पाहून जी गोष्ट पाठ होते, ती या रेघेचे टोक सुईने दाखवता आल्यावर समजते.

माकडात ही रेघ लुनेट सल्कसच्या मागच्या काठाजवळ येऊन संपते. खाचेच्या मागच्या भिंतीवर दुसरे दृष्टिक्षेत्र असते, तर समोरच्या भिंतीवर आणि तिच्या पुढच्या वळीवर त्यानंतरची क्षेत्रे असतात. म्हणजे माकडातही खाच आणि सीमा तंतोतंत एक नाहीत, फक्त शेजारी आहेत. शेजार एवढा विश्वासू आहे की बाहेरून पाहणाऱ्याने खाचेवरून सीमेचा अंदाज बांधला तर तो फारसा चुकत नाही. माणसात हा शेजार सुटतो. आपले प्राथमिक दृष्टिक्षेत्र बहुतांशी गोलार्धाच्या आतल्या बाजूला, कॅल्करिन सल्कसच्या दोन भिंतींत दुमडलेले असते. मागच्या टोकाला ते थोडेसे बाहेर डोकावते, पण तिथे त्याला बांध घालणारी ठरलेली खाच नसते.

आता ‘दृष्टी दुय्यम झाली’ या निष्कर्षाकडे येतो. मॅकाक जातीच्या माकडाच्या एका गोलार्धातील प्राथमिक दृष्टिक्षेत्र साधारण १२ चौरस सेंटिमीटर भरते. माणसात ते सरासरी २० ते २५ चौरस सेंटिमीटर असते, आणि दोन निरोगी माणसांतही दुपटीहून अधिक फरक असू शकतो. म्हणजे हे क्षेत्र माणसात आकसलेले नाही, उलट वाढलेले आहे. बदलले आहे ते प्रमाण. मॅकाकमध्ये हे क्षेत्र मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे वरच्या करड्या थराच्या, दहा टक्क्यांहून अधिक जागा व्यापते, माणसात दोन-तीन टक्के, कारण सुमारे नव्वद ग्रॅमच्या मेंदूच्या जागी सुमारे तेराशे ग्रॅमचा मेंदू आला आणि त्यातली बहुतेक वाढ अन्य क्षेत्रांत झाली. त्या वाढीत मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पॅरायटल खंडाचा मागचा भागही आहे. तो प्राथमिक दृष्टिक्षेत्राच्या अगदी समोर आहे आणि त्याची वाढ झाल्यावर दृष्टिक्षेत्र मागे व आत ढकलले गेले असावे, असे स्पष्टीकरण गेली शंभर वर्षे दिले जाते. ते मला पटते. पण त्यावरून दृष्टीचे महत्त्व कमी झाले असे म्हणणे चूक आहे, कारण पॅरायटल खंडाचा हाच भाग दिसलेल्या वस्तूकडे हात नेमका कसा न्यायचा, ती किती दूर आहे आणि आपल्या शरीराच्या कोणत्या बाजूला आहे, याचा हिशेब ठेवतो. ज्याने दृष्टीला मागे ढकलले असे म्हणतात, तो स्वतःच दृष्टीचे काम करणारा आहे.

सामान्य वाचकाच्या दृष्टीने ज्या खाचेची ओळख असणे खरोखर उपयोगाचे, ती कॅल्करिन सल्कस. तिचा उल्लेख लेखात नाही, म्हणून थोडे विषयाला धरूनच लिहितो. या खाचेच्या वरच्या भिंतीवर आपल्या नजरेचा खालचा अर्धा भाग उमटतो आणि खालच्या भिंतीवर वरचा. डावीकडचे दृश्य उजव्या गोलार्धात जाते, उजवीकडचे डाव्यात. नजरेचा मध्य अगदी मागच्या टोकाला असतो आणि बाजूचे दिसणे खाचेत पुढे पुढे जाते. हा नकाशा युद्धातील जखमींनी शिकवला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात वेगवान बारीक गोळ्या मेंदूतून आरपार गेलेले पण जगलेले सैनिक जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोउये यांनी तपासले, प्रत्येकाच्या नजरेचा नेमका कोणता तुकडा गेला ते नोंदवले आणि १९०९ साली ते प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी तेच काम अधिक तपशिलाने केले.

पुण्यातील घरांत ही खाच आजही ओळख करून देते, पण पक्षाघाताच्या रूपाने. मेंदूच्या मागच्या धमनीत गुठळी अडकून एका बाजूच्या कॅल्करिन सल्कसचा रक्तपुरवठा तुटला, की रुग्ण सांगतो, ‘डावा डोळा गेला.’ घरचे लोक त्याला चष्म्याच्या दुकानात नेतात. दोन्ही डोळे निरोगी असतात. गेलेली असते दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर, आणि रुग्णाला ते धड कळतही नाही, कारण नजरेचा मध्य पुष्कळदा शाबूत राहतो व वर्तमानपत्राची अक्षरे ओळखता येतात. तो ताटातील डाव्या बाजूची चटणी-कोशिंबीर तशीच ठेवतो, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटतो, आणि कर्वे रस्त्यावर दुचाकी काढली तर डावीकडून येणारी रिक्षा त्याला दिसत नाही. असे अचानक झाले तर चष्म्याचा नंबर तपासत बसण्यापेक्षा तातडीने मेंदूची तपासणी करवावी, एवढे जरी त्या अर्ध्या पानात छापले असते, तरी शहरातील काही कुटुंबांचे मोलाचे तास वाचले असते.

प्राचीन मानवपूर्व जातींत या खाचेची जागा केव्हा बदलली, हा जीवाश्मांचा भाग लेखात ज्या खात्रीने लिहिला आहे, त्या खात्रीने तो लिहिता येत नाही. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंगजवळच्या चुनखडीच्या खाणीतून एका लहान मुलाची कवटी मिळाली आणि तिच्यासोबत, पोकळीत साचून दगड झालेल्या गाळाचा, मेंदूच्या आकाराचा नैसर्गिक साचा मिळाला. शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी ७ फेब्रुवारी १९२५ च्या ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात या मानवपूर्व जातीला ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस असे नाव दिले आणि लुनेट सल्कस वानरांपेक्षा बरीच मागे, माणसासारखी आहे, असे सांगितले. मेंदू आकाराने वाढण्याआधीच त्याची मांडणी बदलू लागली होती, असा त्याचा अर्थ. १९८० पासून मानवशास्त्रज्ञ डीन फॉक यांनी याला आव्हान दिले. डार्ट यांनी जिला खाच मानले ती कवटीच्या हाडांच्या सांध्याची रेघ आहे, खरी खाच पुढे, वानरासारख्या जागी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. राल्फ हॉलोवे यांनी डार्ट यांची बाजू धरली, आणि २००४ साली त्यांनी रॉन क्लार्क व फिलिप टोबायस यांच्यासह दक्षिण आफ्रिकेतीलच स्टर्कफोंटेन येथील एका कवटीच्या आधारे खाच मागे असल्याचे मांडले. २०२० साली इथिओपियातील डिकिका येथील सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीच्या बालकाच्या कवटीचा क्ष-किरणांनी घेतलेला अतिसूक्ष्म तपशील प्रसिद्ध झाला. ते बालक ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस या अधिक जुन्या जातीचे, आणि त्याच्या मेंदूच्या ठशावर लुनेट सल्कस वानरासारखी पुढे आहे.

हा वाद इतकी वर्षे का चालावा, याचे कारण शरीररचनेतच आहे. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये तीन आवरणे, पाणी आणि रक्तवाहिन्या असतात. कवटीच्या आतल्या अंगावर जे उमटते ते या सगळ्यातून आलेला दाब असतो, आणि त्यावरून खाच ओळखणे म्हणजे रजई पांघरून झोपलेल्या माणसाच्या हाताची बोटे मोजण्यासारखे आहे. मेंदू आकाराने लहान असलेल्या माकडांत ठसे बरे उमटतात. मेंदू जसा मोठा आणि प्राणी जसा प्रौढ, तसे ते पुसट होतात. आपल्याकडे नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी मोठ्या मेंदूच्या मानवाची आहे. अशा कवटीच्या आत मागच्या लहान खाचा वाचू पाहणाऱ्याने फार जपून बोलावे. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या रूपाने पुराणवस्तू व प्राचीन मानवी अवशेषांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. या शहरातील वाचकाला ‘हे अजून वादात आहे’ हे वाक्य जड जाणार नाही, असा माझा विश्वास आहे.

आता दुसऱ्या विधानाकडे, ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र आहे. काही माणसांच्या ऑक्सिपिटल खंडाच्या बाहेरच्या बाजूवर खरोखरच एक बाकदार खाच दिसते. कैरोत शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असलेले ग्राफ्टन इलियट स्मिथ यांनी १९०४ साली इजिप्तमधील माणसांच्या मेंदूंच्या अभ्यासावरून ती माकडाच्याच खाचेचे मानवी रूप आहे, असे प्रतिपादन केले. इलियट स्मिथ हे मोठ्या योग्यतेचे शास्त्रज्ञ होते. जेन्नारीची रेघ आणि तिच्यासारखे इतर पट्टे नुसत्या डोळ्यांनी पाहून त्यांनी १९०७ साली मानवी मेंदूच्या बाह्यकाचा जो नकाशा केला, तो आजही आदराने पाहावा असा आहे. पण या खाचेच्या बाबतीत त्यांच्या मताचा पुढे फार वाईट उपयोग झाला. कोणत्या वंशाच्या मेंदूवर ही खाच किती वेळा दिसते याची मोजदाद करून, ती जास्त असेल ते लोक माकडाला जवळचे, अशी क्रमवारी लावण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत झाले. आफ्रिका आणि आशिया येथील माणसे त्या क्रमवारीत खाली जावीत, अशीच तिची मांडणी असे. आपल्या लेखातील ‘माकडाचा अवशेष’ हे शब्द लेखकाने त्या हेतूने लिहिलेले नाहीत, याविषयी मला शंका नाही. परंतु ते त्याच विचारातून खाली आलेले आहेत.

शरीररचनेच्या पुराव्यावर हे विधान टिकत नाही. २००६ साली जॉन ॲलन, जोएल ब्रस आणि हॅना डमासिओ यांनी जिवंत माणसांच्या एमआरआय चित्रांवर ही खाच शोधली. वानरासारखी सलग, अखंड अशी खाच त्यांना अगदी क्वचित आढळली. जिला लुनेट म्हणावे असे जे दिसते ते बहुधा शेजारच्या लहान लहान खाचांचे तुकडे एकमेकांना मिळून झालेले असते. वानराच्या खाचेशी तिचे उत्क्रांतीचे नाते नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझा शवविच्छेदनाच्या दालनातील अनुभवही याला धरून आहे: ज्या मेंदूवर सुंदर बाकदार खाच दिसे, त्यात छेद घेतला की जेन्नारीची रेघ तिच्यापर्यंत पोहोचलेलीच नसे, ती मागेच संपलेली असे. ज्या सीमेसाठी माकडात ती खाच ओळखली जाते, ती सीमाच तिथे नसेल, तर केवळ आकार जुळतो म्हणून तिला तीच खाच म्हणता येणार नाही. शिवाय कॅल्करिन सल्कस गर्भाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच दिसू लागते व सर्व माणसांत सापडते, तर बाहेरच्या बाजूवरच्या या लहान खाचा पुष्कळ उशिरा घडतात, आणि म्हणूनच त्या एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या गोलार्धातही सारख्या नसतात. एका माणसाचा डावा मेंदू माकडाला जवळचा आणि उजवा दूर, असे कोणी म्हणणार नाही.

याच खंडाने यापूर्वीही असा एक वाद पाहिला आहे. कॅल्करिन सल्कस आत दाबली गेल्याने मेंदूच्या पोकळीत एक लहान उंचवटा तयार होतो. तो फक्त माणसात असतो आणि त्यामुळे माणूस वानरांपासून वेगळा ठरतो, असे १८५७ साली ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी सांगितले. त्यांचेच देशबांधव शास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी पुढच्या काही वर्षांत वानरांचे मेंदू उघडून तो तिथेही असल्याचे दाखवून दिले. तेव्हा एका उंचवट्यावरून माणसाला वर बसवण्याचा प्रयत्न झाला, नंतर एका खाचेवरून काही माणसांना खाली बसवण्याचा झाला. दोन्ही वेळा मेंदू प्रत्यक्ष उघडून पाहिल्यावर तो भार त्या रचनेला पेलला नाही.

लेखासोबतच्या चित्राविषयीही एक विनंती आहे. त्यातील मेंदूचा मागचा गुळगुळीत भाग आणि ठळक खाच पाहता ते चित्र माकडाच्या मेंदूचे आहे, पण त्याखाली नुसते ‘मेंदू’ असे छापले आहे. दहावी-बारावीची मुले अशी कात्रणे वहीत चिकटवतात. चित्र कोणत्या प्राण्याचे, कोणत्या गोलार्धाचे, बाहेरच्या बाजूचे की आतल्या, एवढे तीन तपशील चित्राखाली असावेत, आणि शक्य असेल तेव्हा माणसाच्या मेंदूची आतली बाजू शेजारी द्यावी, कारण आपल्या दृष्टीचे क्षेत्र तिथे आहे.

पुढील अंकात खालील मजकूर शुद्धिपत्र म्हणून छापावा, अशी माझी सूचना आहे: ‘काही माणसांच्या मेंदूवर दिसणारी अर्धचंद्राकृती खाच हा माकडाचा अवशेष नाही. माणसाचे प्राथमिक दृष्टिक्षेत्र माकडापेक्षा लहान झालेले नसून उर्वरित मेंदूच्या तुलनेत त्याचे प्रमाण कमी झाले आहे. प्राचीन मानवपूर्व जातींमध्ये या खाचेची जागा केव्हा बदलली, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.’ लेखकांना छेद घेतलेला मेंदू आणि त्यातील रेघ प्रत्यक्ष पाहायची असेल, तर त्यांची भेट महाविद्यालयातील माझ्या माजी सहकाऱ्यांशी घालून देण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक,
कोथरूड, पुणे